घेवड्याचे पट्टे

"पयलं पानी समदं वतून टाक," हौसाआत्या उंबऱ्यात चपला चाचपत म्हणाल्या. "मग नवं पानी घाल. मोठ्या जाळावर तीन उकळ्या येऊ देत, चांगल्या खदाखदा. त्याच्याफुडं मडकं वैलावर सरकव. ध्यानात ऱ्हाईल न्हवं?"

"राहील आत्या."

"आन् पट्टं गेल्याबिगर कुनाच्या तोंडी लावू नगंस."

मी मान हलवली. लग्न होऊन त्या घरात आल्याला मला सात महिने झाले होते, आणि चूल पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या ताब्यात मिळत होती. एरवी आत्या मला भाजी निवडायला द्यायच्या, पाणी भरायला सांगायच्या, पण चुलीपुढं बसू द्यायच्या नाहीत. त्या दिवशी मळ्यात घेवड्याची मळणी होती. सासरे, म्हणजे तात्या, कावीळ होऊन महिनाभर अंथरुणावर होते. माझे यजमान जयवंतराव शाळेत मास्तर, ते सकाळीच सायकल काढून गेले होते. मळणीवर नजर ठेवायला आत्यांशिवाय कुणी नव्हतं, म्हणून नाइलाजानं त्यांनी मडकं माझ्यावर सोपवलं.

हौसाआत्या तात्यांची धाकटी बहीण. बाविसाव्या वर्षी नवरा गेला आणि त्या भावाकडे आल्या, त्याला चाळीस वर्षं झाली होती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. तेव्हापासून चूल पूर्णपणे आत्यांची. जमिनीवर त्यांचं नाव नव्हतं, घरात त्यांची खोली नव्हती. चुलीपुढचा पाट एवढीच त्यांची जागा, आणि ती त्यांच्या हाताच्या चवीवर टिकून आहे हे त्या पक्कं ओळखून होत्या. म्हणून त्या मला तिथं फिरकू देत नसत. मला तेव्हा तो खडूसपणा वाटायचा.

आमच्या कोरेगाव भागात वाघ्या घेवडा होतो. गुलाबी दाणा, त्यावर तांबडे पट्टे. आमच्या घरात तो दोनदा शिजायचा. आधी मडक्यात पाण्यावर, मऊ होईपर्यंत. मग लोखंडी कढईत तेल तापवायचं, मूठभर लसूण ठेचून लाल करायचा, सुक्या मिरच्या चुरडून घालायच्या, आणि शिजलेला घेवडा त्याच्या कटासकट त्यात ओतून पळीच्या पाठीनं रगडत राहायचं. पाणी आटतं, तेल कडेनं सुटतं, आणि सगळं मिळून एक दाट गोळा होतो. त्याला घोटीव घेवडा म्हणायचे. भाकरीवर घ्यायचा, वर कच्चा कांदा. उरलाच तर दुसऱ्या दिवशी न्याहारीला तव्यावर पुन्हा परतायचा, आणि खरं सांगायचं तर तो तिसरा घेवडा सगळ्यात चांगला लागायचा.

तात्या महिनाभर त्याच्यासाठी झुरत होते. डॉक्टरांनी तेल-तिखट बंद केलं होतं. मऊ भात आणि उसाचा रस पिऊन तोंडाची पार चव गेली, असं ते दिवसातून दहादा म्हणायचे. डोळ्यांतला पिवळेपणा उतरू लागला तेव्हा आत्यांनी कबूल केलं की नव्या घेवड्याचे दोन घास देईन. आदल्या संध्याकाळी त्यांनी मळणीआधीच थोड्या शेंगा हातानं सोलून घेवडा स्वतः निवडून भिजत घातला होता.

आता माझ्या शहाणपणाबद्दल. मी साताऱ्यात मॅट्रिक झाले होते आणि गृहशास्त्रात मला एकाहत्तर गुण होते. कडधान्य भिजवलेलं पाणी फेकू नये, त्यातून जीवनसत्त्वं वाया जातात, झाकण ठेवून मंद आचेवर शिजवावं, असं आमच्या बाई शिकवायच्या आणि मी वहीत लाल रेघ मारून लिहून घेतलं होतं. आत्या रोज ते पाणी मोरीत ओतायच्या तेव्हा माझा जीव खालीवर व्हायचा. पण सांगायची सोय नव्हती. पुस्तकाचं नाव काढलं की त्या हसायच्या.

त्यातून तात्यांना ताकद यायला हवी होती. त्या घरात मला पहिल्यांदा कुणी आपलं म्हटलं असेल तर ते तात्यांनी. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारून वर्तमानपत्र हातात दिलं होतं आणि म्हणाले होते, मास्तरीणबाई, वाचा, माझा चष्मा फुटलाय. चष्मा त्यांच्या खिशातच होता. पुढं सात महिने मी त्यांना रोज पेपर वाचून दाखवला. आजारपणात त्यांची हाडं दिसायला लागली, तेव्हा त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं मला फार वाटायचं. सकाळी मडकं समोर आलं तेव्हा मी पाणी ओतलं नाही. घेवडा त्याच पाण्यासकट मडक्यात घातला, आणि मोठा जाळ न करता मडकं सरळ वैलावर, चुलीच्या बाजूच्या मंद धगीवर ठेवलं. उकळी काही आली नाही. झाकण लावून मी निवांत तांदूळ निवडत बसले.

तीन तासांनी पाहिलं तर दाणा बोटात चिरडत होता. पट्टे फिकट झाले होते, पण दिसत होते. मला वाटलं, पट्टे जायची वाट बघणं हे आत्यांचं काहीतरी जुनं खूळ असेल. कट मात्र तांबूस, दाट झाला होता. सगळं सत्त्व त्यात उतरलंय, असं मनात म्हणत मी एका वाटीत पळीभर दाणे आणि कट घेतला, चमच्यानं रगडला, मीठ आणि किंचित गूळ घातला. तेल नाही, तिखट नाही. डॉक्टरांनाही चालेल असा.

तात्या उठून भिंतीला टेकून बसले. दोन चमचे खाल्ले आणि म्हणाले, "ह्येच्यात लसूण न्हाई?"

"आजच्या दिवस बिनलसणाचा खा. यात ताकद आहे."

"ताकद," ते म्हणाले आणि हसले. वाटी जवळजवळ संपवली. तळाशी चमचा-दोन चमचे उरलं ते मी उभ्या उभ्या खाल्लं. मी वाटी घेऊन निघाले तेव्हा त्यांनी मागनं हाक मारली. "हौसाला सांगू नगं. तिच्या आधी दिलंस म्हनून फुगून बसंल."

वाटी मी धुऊन फळीवर पालथी घातली.

आत्या बाराच्या सुमाराला आल्या. पाय धुऊन सरळ चुलीपाशी गेल्या, झाकण काढलं, पळीत चार दाणे घेतले आणि दाराच्या उजेडात धरून बघितले. बराच वेळ बघितले.

"पानी टाकलं व्हतंस?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मडकं उचलून मोरीपाशी नेलं, सगळा कट ओतून दिला, नवं पाणी घातलं, चुलीत दोन लाकडं सारली आणि मडकं मोठ्या जाळावर ठेवलं. तीन उकळ्या त्यांनी मोजून दिल्या आणि त्यानंतरही कितीतरी वेळ ते खदखदू दिलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सकाळभर राखलेलं सत्त्व मोरीतून वाहून गेलं, आणि वर माझ्यावर विश्वास नाही हे त्यांनी न बोलता दाखवून दिलं होतं. एक वाटी तरी तात्यांच्या पोटात गेली, याचंच मी समाधान मानलं.

मग त्यांनी कढई ठेवली. लसणाचा वास घरभर गेला. त्या घोटत असताना मी मुद्दाम तिकडे पाठ करून भाकऱ्या थापत होते. जेवायला दीड वाजला. जयवंतरावांची त्या दिवशी अर्धी शाळा होती, तेही जेवायला होते. तात्यांपुढं आत्यांनी ताटलीत दोन घास ठेवले. एक घास खाऊन तात्या थांबले, दुसरा खाल्ला, पण ज्याच्यासाठी महिनाभर झुरले ते समोर असून त्यांचा चेहरा काही फुलला नाही. "प्वाटात कसंतरी व्हतंय," ते म्हणाले.

अर्ध्या तासात त्यांना उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. थांबेचनात. एवढ्याशा अंगातून एवढं पाणी कुठून जातंय कळत नव्हतं. जयवंतराव सायकलवरून डॉक्टरांना आणायला गेले. मी घंगाळं धुवत होते, आत्या त्यांचं डोकं धरून बसल्या होत्या. चारच्या सुमाराला माझ्याही पोटात ढवळून आलं. मी परसात पळाले आणि भिंतीला धरून ओकले. शेजारच्या तानुबाई धुणं गोळा करत होत्या, त्यांनी पाहिलं. घरात एवढं चाललेलं असूनही त्यांच्या तोंडावर हसू आलं. माझ्या पाठीवरून हात फिरवून त्या म्हणाल्या की अशा टायमाला बातमी आली बघ.

मी त्यांना नाही म्हटलं नाही. मी त्या वेळी वाटीचा विचार करत होते.

डॉक्टर आले, सुई टोचली, विचारलं, काय खाल्लं? आत्या पुढं झाल्या. "माज्या हातचा घेवडा. दोन घास."

"तेलातला?"

"तेलातला."

डॉक्टरांनी जयवंतरावांकडे बघून मान हलवली. काविळीच्या माणसाला तेल म्हणजे विष, असं ते म्हणाले. घरात बाकी कुणाला त्रास झालाय का, असंही त्यांनी विचारलं, आणि जयवंतराव म्हणाले, नाही, आम्ही सगळ्यांनी तेच खाल्लं. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. तांब्या उंबऱ्यात ठेवून मी आत वळले.

संध्याकाळी आत्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. आवाज अगदी हळू. "रतन, म्या यायच्या आधी तात्याला काय दिलं व्हतंस का?"

"नाही."

"येकांदा घास? नुसता कट?"

"नाही आत्या."

त्यांनी फळीकडे पाहिलं. तिथं ती वाटी पालथी होती, एकटी, बाकीची भांडी सकाळीच आत ठेवली होती. त्या परत तात्यांच्या उशाशी जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या गेले. शेवटचे चार तास त्यांना बोलता येत नव्हतं, पण कळत सगळं होतं. ते अधूनमधून माझ्याकडे बघायचे. मला त्या नजरेची भीती वाटत होती आणि माझ्या मनात आलं की आता ते बोलू शकणार नाहीत. हे माझ्या मनात आलं होतं. चाळीस वर्षं मी ते दुसऱ्या कुठल्या शब्दांत मांडता येतं का ते बघत आले, येत नाही.

दिवस घालायच्या आधीच बोलणं सुरू झालं. मोठ्या नणंदबाई शालनताई आल्या होत्या, त्यांनी ओसरीत सगळ्यांसमोर विचारलं की डॉक्टरनं नको म्हटलेलं असताना तेलातला घेवडा दिलाच कसा. आत्या म्हणाल्या, त्यो मागत व्हता. शालनताई म्हणाल्या की मागितलं म्हणून विषही द्याल. कुणीतरी आत्यांच्या डोळ्यांतल्या मोतीबिंदूचा विषय काढला, डाळीत काय पडतं ते तरी त्यांना दिसतं का म्हणून. दोन दिवसांत असं झालं की आत्या चुलीपाशी गेल्या की कुणीतरी उठून त्यांच्या आधी तिथं जाऊन बसायचं. मला मात्र कुणी काम करू देत नव्हतं. तानुबाईंनी बातमी पसरवली होती. घरातला एक जीव गेला आणि एक येतोय, असं म्हणून बायका मला जवळ घेत होत्या, मला शिरा करून देत होत्या. मी तो खात होते.

तेराव्या दिवशी ठरलं की आत्यांनी त्यांच्या सासरच्या पुतण्याकडे जावं, फलटणकडच्या एका गावात. चाळीस वर्षांत त्या तिकडे दोनदा गेल्या असतील. जयवंतरावांना ते मनापासून पटत नव्हतं, पण बहिणीपुढं त्यांचं काही चालेना. "माझ्या डोळ्यांसमोर त्या चुलीपाशी बसलेल्या मला बघवत नाही," एवढंच ते मला म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाजूला बसले. बातमी खोटी ठरली. शालनताई हळहळल्या, धक्क्यानं असं होतं म्हणाल्या. आत्या अंगणात आपल्या लुगड्यांचं गाठोडं बांधत होत्या. त्यांनी हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. त्या दुपारी मी का ओकले होते, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात पुरा झालेला मला समोर दिसला.

चार दिवसांनी आम्ही दोघं त्यांना फाट्यावर सोडायला गेलो. जयवंतराव एसटीची चौकशी करायला टपरीकडे गेले. आत्या गाठोड्यावर बसल्या होत्या. मी शेजारी उभी होते.

"रतन," त्या म्हणाल्या, "म्या जयवंताला काय सांगायची न्हाई. म्या सांगितलं तर म्हनतील, म्हातारी अंगावरचं झटकतीया. त्ये तुज्याच तोंडनं निघाया पायजे."

मी टपरीकडे पाहिलं.

"तू मुद्दाम क्येलं न्हाईस. ठावं हाय मला. तात्यालाबी ठावं आसंल. पर माझी चूल गेली, पोरी. तिकडं मला कोन बी वळखत न्हाई."

"आत्या, मला माहेरी पाठवतील."

"पाठवतील. आन् चार म्हैन्यांनी आनतीलबी. तू तरनी हाईस." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "गाडी याला येळ हाय अजून."

जयवंतराव टपरीवरून परत येत होते. येताना त्यांनी आत्यांसाठी केळी घेतली होती. ते आले, आत्यांच्या हातात केळी दिली, खाली बसून त्यांच्या पाया पडले. मग आम्ही तिघं उभे राहिलो. गाडी यायला वीस मिनिटं लागली. वीस मिनिटांत आत्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, मला घाई करायची नाही असं ठरवल्यासारख्या त्या सरळ समोर बघत होत्या. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. ते जुळलंही होतं. मग धूळ दिसली, गाडी थांबली, जयवंतरावांनी गाठोडं वर दिलं आणि त्या चढल्या.

त्यानंतर चूल माझी झाली. घेवडा मी त्यांच्यासारखाच करायला लागले. पहिलं पाणी ओतायचं, तीन उकळ्या, पट्टे पूर्ण गेल्याशिवाय कुणाला वाढायचा नाही. घरातले म्हणायचे, अगदी आत्याच्या हातची चव. मग आपण कुणाचं नाव घेतलं ते आठवून गप्प व्हायचे. कच्च्या घेवड्याच्या अंगातच विष असतं आणि ते खदाखदा उकळल्याशिवाय जात नाही, हे मला पुढं कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. मला ते नव्यानं कळायची गरज नव्हती.

सहा वर्षांनी मी आत्यांना भेटायला गेले. तोवर मला दोन मुलं झाली होती, जयवंतरावांचा माझ्यावर जीव होता, मला कुणी कुठं पाठवणार नव्हतं. सांगायचं हे ठरवूनच निघाले होते. आधी तिथल्या लोकांना सांगायचं, आत्यांच्या समोर. मग घरी येऊन यांना. पहाटे उठून मी घेवडा शिजवला, घोटला आणि पितळी डब्यात भरून घेतला. एसटीत डबा मांडीवर धरून सगळी वाट मी तेच वाक्य घोकत होते.

पुतण्याची बायको, कलावती, बोलायला चांगली होती. तिनं मला पाट दिला, चहा टाकला. आत्या गोठ्याच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या. एका डोळ्यावर मोतीबिंदूचा पूर्ण पडदा आला होता. मी पाया पडले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मुलं कशी आहेत विचारलं.

त्या दिवसभर करतात काय, असं मी कलावतीला विचारलं. ती हळू आवाजात, पण आत्यांना ऐकू जाईल इतपत हळू, म्हणाली, "चुलीपाशी न्हाई जाऊ देत आमी. तुमच्याकडनंच सांगावा आला व्हता न्हवं तसा. पोरंबाळं हाईत घरात. नुसता लसूण सोलला त्यांनी, तरी पयला घास त्यास्नीच खायला लावतो. आता सवयच झालीया."

मग तिनं माझा डबा उघडला, कौतुक केलं, एका ताटलीत घेवडा आणि भाकरी वाढली आणि ती ताटली पहिल्यांदा आत्यांपुढं नेऊन ठेवली. कुणी काही सांगायच्या आत आत्यांनी तुकडा मोडला, घेवड्याला लावला आणि तोंडात घातला. आम्ही दोघी बघत उभ्या होतो. आत्या सावकाश चावत होत्या.

"पट्टं गेल्यात," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळानं कलावतीनंही घेतला. पहिल्याच घासाला तिच्या भुवया वर गेल्या. बोट चाटून ती म्हणाली, "आवं, काय झालाय ओ. कुनी शिकिवला तुमास्नी?"

आत्यांचा हात ताटलीवर थांबला.

हेच सांगायला मी आले होते. वाक्य तोंडात तयार होतं, विचारणारी समोर होती, आणि जिच्यासाठी ते बोलायचं ती दोन हातांवर बसली होती. कलावती कौतुकानं माझ्याकडे बघत होती. ते कौतुक जाईल, असं मला वाटलं. एवढंच कारण होतं.

"माझ्या आईनं," मी म्हणाले.

आत्यांचा हात पुन्हा हलला. त्यांनी उरलेला घेवडा खाल्ला, भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं ताटली पुसून घेतली, भिंतीला धरून उठल्या आणि माझा रिकामा डबा धुवायला उचलला.

"ऱ्हाऊ द्या," म्हणत कलावतीनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला.